तारेची उंची कोण मोजणार?

(वनहक्क कार्यकर्त्यांच्या शिबिरात विजेच्या विषयावर झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलणं जसंच्या तसं ठेवलं आहे, छापताना थोडं आवरलं आहे. जे पाडे शिबिराला येऊ शकले नाहीत तिथे हा अंक बैठकीत वाचून दाखवावा.)



सकाळपासून आपण दावे, नकाशे आणि मोजणी यावर बोलतोय. आता मला विजेवर बोलायला उभं केलंय. मागे कोणीतरी म्हणालं, "जमिनीच्या शिबिरात लाईटचं काय काम?" काम आहे. दावा भरताना आपण काय शिकलो? "आम्ही खूप वर्षांपासून कसतो" असं सांगून भागत नाही. किती वर्षं, किती गुंठे, कोणत्या झाडापासून कोणत्या ओहोळापर्यंत, हे लिहावं लागतं. विजेचंही तसंच आहे. तिथेही माप आहे, आणि ते माप आपल्याला कोणी सांगितलेलं नाही.

मी काही वर्षं ठेकेदाराच्या हाताखाली खांब उभे करायचं, तारा ओढायचं काम केलंय. तरी मलाही हे माप उशिरा कळलं. एका पाड्यावरचा पोरगा खांद्यावर बांबू घेऊन शेतातून चालला होता. वर लोंबलेली तार. बांबू ओला होता, टेकला, आणि पोरगा जागीच गेला. पंचनाम्यात लिहिलं, "निष्काळजीपणाने बांबू तारेस लावला." आम्ही ओरडत राहिलो, "तार खूप खाली होती हो!" साहेब म्हणाले, "खूप म्हणजे किती?" आमच्यापाशी उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी माणसं आली आणि तार ओढून वर घेऊन गेली. तारेबरोबर पुरावाही वर गेला. पोराच्या आईच्या हाती काही लागलं नाही.

उत्तर काय होतं ते आज सांगतो. शेतातून जाणारी 11 केव्हीपर्यंतची उघडी तार जमिनीपासून 4.6 मीटरच्या, म्हणजे 15 फुटांच्या खाली येता कामा नये. हा कोणा साहेबाचा सल्ला नाही, कायद्याखालचा नियम आहे. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांत तो होता, 2010 साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षेचे नवे नियम केले त्यातही तो होता. तार 15 फुटांच्या खाली असेल तर निष्काळजीपणा कोणाचा, हे वेगळं सांगायला नको.

आता हे माप ठरवतं कोण? 2003 चा विद्युत कायदा आहे. त्याखाली दिल्लीचं केंद्रीय विद्युत प्राधिकरण सगळ्या देशासाठी सुरक्षेचं आणि बांधकामाचं माप ठरवतं. तार, मीटर, चिनी मातीचे इन्सुलेटर कसे असावेत त्याचं माप भारतीय मानक ब्युरो ठरवतं. आणि गिऱ्हाइकाला सेवा कशी मिळाली पाहिजे, बिघाड किती तासांत दुरुस्त झाला पाहिजे, हे आपल्या राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. मुंबईचा हा आयोग 1999 साली झाला. कंपनी सरकारी असो की खाजगी, माप सगळ्यांना एकच.

तुम्ही म्हणाल, कागदावर माप पुष्कळ असतात, पाळतं कोण? तर पाळतात. एक माप सगळा देश रात्रंदिवस पाळतो, ते सांगतो.

आपल्या तारेतली वीज सेकंदाला 50 वेळा पुढे-मागे होते. त्याला 50 हर्ट्झ म्हणतात. चढाला गाडीत बोजा जास्त झाला की बैल मंदावतात, तसं देशात विजेचा वापर वाढला आणि निर्मिती कमी पडली की हा आकडा 50 च्या खाली घसरतो. फार घसरला तर यंत्रं जळू नयेत म्हणून वीज केंद्रं आपोआप बंद पडतात, आणि एकामागून एक सगळाच अंधार होतो. म्हणून दिल्लीला, मुंबईला, आपल्या राज्यासाठी कळव्याला माणसं दिवसरात्र या आकड्यावर डोळा ठेवून बसलेली असतात. दर 15 मिनिटांचा हिशोब होतो. कोणत्या राज्याने ठरल्यापेक्षा जास्त ओढली, कोणत्या केंद्राने कमी दिली, त्याचे पैसे लागतात.

2012 च्या जुलैत 30 तारखेला उत्तरेचं ग्रिड कोसळलं. 31 तारखेला उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन ग्रिडं कोसळली. आपलं पश्चिमेचं ग्रिड वाचलं म्हणून आपल्याला ते फारसं कळलं नाही. पण गाड्या रुळांवर थांबल्या, कोळशाच्या खाणीत कामगार अडकले. त्यानंतर काय केलं? माप आणखी आवळलं. आधी 49.7 ते 50.2 चालत होतं, 2014 साली ते 49.9 ते 50.05 केलं.

म्हणजे बघा, दिल्लीच्या आकड्यात दशांशाचा फरक पडला तर 15 मिनिटांच्या हिशोबात पैसे लागतात. आणि आपल्या शेतावर तार 5 फूट खाली आली तर पाच वर्षं कोणाला पत्ता नाही. नियम दोन्हीकडे आहे. फरक एवढाच की तिथे मोजणारा बसलेला आहे आणि चुकणाऱ्याच्या खिशाला चाट बसते. आपल्याकडे मोजणाराच नाही. माप तेव्हाच चालतं जेव्हा कोणीतरी ते मोजतं. म्हणून आजचं माझं सांगणं एवढंच आहे, की आपल्या पाड्याचं माप ग्रामसभेने मोजायचं.

काय काय मोजायचं ते ऐका. लिहिता येणाऱ्यांनी लिहून घ्या.

पहिलं, उंची. शेतात 15 फूट सांगितलं. रस्त्याच्या कडेने जाणारी घरगुती लाईन 5.5 मीटर, म्हणजे 18 फूट. रस्ता ओलांडणारी 5.8 मीटर, 19 फूट. 11 केव्हीची लाईन रस्ता ओलांडत असेल तर 6.1 मीटर, 20 फूट. डोंगरावरून जाणाऱ्या मोठ्या मनोऱ्यांच्या लाईनी याहून उंच लागतात. 220 केव्हीची सुमारे 7 मीटर.

दुसरं, घर. घरावरून घरगुती लाईन जात असेल तर छपराच्या वर 2.5 मीटर, बाजूने 1.2 मीटर जागा पाहिजे. 11 केव्हीला वर 3.7 मीटर, बाजूने 1.2 मीटर. इथे मात्र सावध राहा. हे माप आपल्यावरही उलटतं. तार आधी आणि घर नंतर असेल तर तार हलवायचा खर्च घरवाल्याने द्यायचा, असा नियम आहे. म्हणून घर आधी की तार आधी, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून आजच लिहून ठेवा. नाहीतर उद्या "सुरक्षेसाठी घर काढा" अशी नोटीस येते.

तिसरं, ताण. खांबाला तिरकी तार बांधलेली असते, तिला आपण ताण म्हणतो. गुरं तिला अंग घासतात, पोरं तिला लोंबकळतात. ही ताण एकतर जमिनीत नीट अर्थिंग केलेली पाहिजे, नाहीतर तिच्यात जमिनीपासून 3 मीटर, म्हणजे 10 फुटांच्या वर चिनी मातीचा इन्सुलेटर पाहिजे. दोन्ही नसेल आणि वर तार निसटून तिला टेकली, तर तीच ताण जीव घेते. बांधाबांधाने फिरून किती ताणींना इन्सुलेटर नाही ते मोजा. हे खालून नुसतं बघूनही कळतं.

चौथं, दाब आणि वेळ. घराघरांत वीज 230 व्होल्टने धरली तर 6 टक्क्यांपेक्षा कमी-जास्त होऊ नये, म्हणजे 216 च्या खाली जाऊ नये. दिवा मिणमिणतो, पंप फक्त घरघरतो, तेव्हा बहुतेक त्याहून खाली गेलेलं असतं. आणि डीपी जळली तर ग्रामीण भागात 48 तासांत ती सुरू झाली पाहिजे. उशीर झाला तर कायद्याच्या 57 व्या कलमाखाली भरपाई मागता येते. तक्रार कोणत्या दिवशी, किती वाजता दिली, हे लिहिलेलं नसेल तर 48 तास मोजणार कुठून?

आता उंची मोजायची कशी? नीट ऐका. तारेजवळ बांबू, शिडी, पाईप, ओली दोरी काही म्हणजे काही न्यायचं नाही. माप घ्यायला गेलेला माणूस आपल्याला गमवायचा नाही. एक चौकोनी कागद घ्या आणि कोपऱ्यावर कोपरा ठेवून दुमडा. त्रिकोण होईल. त्याची एक आखूड बाजू आडवी धरा, दुसरी आखूड बाजू समोर उभी राहील. तिरक्या बाजूवरून एक डोळा लावून तार बघा. तारेच्या बरोबर खालच्या जागेवर दगड ठेवा आणि तिथून तारेला काटकोनात, सपाट जमिनीवर मागे सरका. तार तिरक्या बाजूच्या रेषेत दिसली की थांबा. तुमच्या पायापासून दगडापर्यंत जेवढे फूट, त्यात तुमच्या डोळ्याची जमिनीपासूनची उंची मिळवा. तीच तारेची उंची. समजा दगड 8 फुटांवर आणि डोळा 5 फुटांवर. तार 13 फुटांवर आहे. शेतात ती 15 हवी होती. दोन खांबांच्या मध्ये झोळ सगळ्यात खाली असतो, माप तिथलं घ्या. उन्हाने तार लांबते, म्हणून एप्रिल-मेच्या दुपारी घ्या.

हे झालं जिथे वीज आहे तिथलं. आता जिथे वीजच नाही त्या पाड्यांचं बोलू. तिथेही एका मापानेच आपल्याला अंधारात ठेवलंय. ते माप म्हणजे "गावात वीज आली" असं कधी म्हणायचं?

1997 पर्यंत माप असं होतं, की गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कशासाठीही वीज वापरली गेली की गावाचं विद्युतीकरण झालं. एका मोठ्या शेतकऱ्याच्या विहिरीवर पंप चालला, झालं! सगळं गाव उजेडात, कागदावर. मग ते बदललं, वस्तीत वीज पाहिजे असं ठरलं. 2004 साली आणखी बदललं. वस्तीत आणि दलित वस्तीत डीपी आणि लाईन पाहिजे, शाळा, पंचायत, दवाखाना अशा ठिकाणी वीज पाहिजे, आणि निदान 10 टक्के घरांत पाहिजे. म्हणजे 100 घरांतली 90 घरं अंधारात असली तरी गाव विद्युतीकृत. गावठाणात दिवे, चार मैलांवरच्या आपल्या पाड्यात चिमणी, आणि यादीत पुढे "पूर्ण". आणि जे वनगाव महसुली नोंदीतच नाही, ते या मोजणीत धरायचं कुठे? म्हणून वनगावाचं महसुली गाव करण्याचा जो हक्क वनहक्क कायद्यात आहे, तो नुसता सातबाऱ्याचा हक्क समजू नका. मोजणीत येण्याचा तो हक्क आहे.

वीज मागायला गेलं की दुसरं उत्तर मिळतं, "जंगल आहे, परवानगी नाही." त्यांना वनहक्क कायद्याचं कलम 3(2) दाखवा. तिथे 13 सोयी लिहिल्या आहेत, त्यात विजेच्या लाईनी आहेत. प्रत्येक कामाला 1 हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. शिफारस आपणच करायची आहे! तिसरं उत्तर असतं, "पट्टा आणा, मग मीटर." विद्युत कायद्याचं 43 वं कलम म्हणतं की जागेचा मालक किंवा त्या जागेत राहणारा अर्ज करू शकतो. आपण राहतोय. लाईन वाढवायची नसेल तर महिन्याच्या आत वीज द्यायची आहे.

मोठ्या लाईनींसाठी मात्र जंगल कधी आडवं येत नाही. 132 केव्हीला 27 मीटर रुंद पट्टा, 220 केव्हीला 35 मीटर. पाड्याच्या डोक्यावरून लाईन शहराला जाते, पाड्याला खांब नाही. पण त्या पट्ट्यालाही माप आहे. त्या बाहेरचं एक झाड जरी तोडलं, एका दाव्याच्या शेतात जरी गाडी घातली, तरी ग्रामसभेने दोरी धरून मोजायचं आणि लिहायचं.

शेवटचं. अपघात झाला तर रडता रडताही तीन गोष्टी करा. तार कोणी हलवायच्या आत लांबून फोटो काढा, आणि वीज बंद झाल्याची खात्री झाल्यावर वरच्या रीतीने उंची मोजा. पाच पंचांच्या सह्या-अंगठे घ्या. आणि विद्युत निरीक्षकाला लेखी कळवा. हा अधिकारी सरकारचा असतो, कंपनीचा नसतो. अपघाताची चौकशी त्याच्याकडून होते. कंपनीनेही त्याला 24 तासांत कळवायचं असतं, पण आपण तिच्यावर विसंबायचं नाही.

प्रत्येक ग्रामसभेच्या वहीत विजेसाठी चार पानं राखा. खांब किती, झोळ किती फुटांवर, कुठल्या ताणीला इन्सुलेटर नाही, डीपी कधी जळली, कधी सुरू झाली, कोणत्या घरांत अजून दिवा नाही. वर्षातून दोनदा भरा, एकदा मेमध्ये आणि एकदा पावसाळा सरल्यावर. त्याची नक्कल कंपनीला आणि निरीक्षकाला द्या, पोच घ्या. कंपनीने ऐकलं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे. तिथे "खूप खाली" चालत नाही. "13 फूट, अमुक तारीख, पाच सह्या" चालतं.

त्या पोराच्या पाड्यावर आज ग्रामसभेची वही आहे. पहिलं पान त्याच्या आईने भरायला लावलं. तिला लिहिता येत नाही. दोरीचं दुसरं टोक तिने धरलं होतं.

जोहार! ग्रामसभा जिंदाबाद!