शेण फुकट, पेंढा फुकट, आणि बाईही?

(कशेळी, ता. भिवंडी येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



भात हा धंदा आणि म्हैस हा जोडधंदा, असं आपल्याला सांगतात. पण भाताचा पेंढा म्हशीला जातो, म्हशीचं शेण खाचरात जातं. आपल्याकडे पेरणीआधी शेण-पाल्याचा राब भाजतात, तोही त्यातूनच. मग हे दोन धंदे कुठे? एकच आहे, आणि तो जोडून धरते बाई. शेण काढायचं, गवत कापायचं, पेंढा वाहायचा, हे सगळं तीच करते.

आता हिशेब मांडू. टनभर कुजलेल्या शेणखतात साधारण ५ किलो नत्र असतं. ४५ किलो युरियाच्या गोणीत सुमारे २१ किलो. म्हणजे चार टन खत वाहिलं तेव्हा एका गोणीएवढं नत्र पडलं. अनुदानामुळे युरिया स्वस्त, म्हणून आपल्या पाट्या कवडीमोल ठरतात. शेणखताने स्फुरद, पालाशही मिळतं, जमीन भुसभुशीत राहते. ते कोणी मोजत नाही.

खर्चात पेंड येते, औषध येतं, गड्याची मजुरी येते. बाईचे तास येत नाहीत. ते धरले तर अनेक घरांत दूध तोट्यात जाईल. म्हणजे लहान शेतकऱ्याला दूध परवडतं, ते बाई फुकट राबते म्हणून!

इथे कशेळी, काल्हेर, पूर्णा भागात भातखाचरांवर गोदामं उभी राहिली. खाचर गेलं की पेंढा विकत घ्यावा लागतो, मग म्हैसही जाते. जमिनीचे पैसे सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळतात. बाईची दुधाची मिळकत बुडते, तिची नोंद कुठेच नसते.

२०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातली शंभरातली जेमतेम चौदा खाती बायकांच्या नावावर होती. हिंदू वारसा कायद्यात १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने बदल केला. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क मिळाला. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेत नवऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावली. तेव्हा हे अशक्य नाही.

आपण तीन गोष्टी करू. महिनाभर गोठ्यातले आणि खाचरातले तास लिहू. डेअरीचं सभासदत्व आणि दुधाचं खातं स्वतःच्या नावे मागू. आणि हक्कसोडपत्र समोर आलं, तर सही करण्याआधी हा हिशेब घरात मोठ्याने वाचून दाखवू.