हात हलतो, पण उमगत नाही



चाळीसगावच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या हाताला नजरेइतकाच स्पर्शाचाही आधार असतो. बोंडाची टोके चुकवून बोटे नेमका कापूस ओढून घेतात. पक्षाघाताने, म्हणजेच लोकांच्या बोलीत ‘अंगावरून वारे गेल्याने’, हे स्पर्शज्ञान हरपले, तर हात हलू लागूनही कामास येत नाही. वस्तू मुठीतून निसटते, तापल्या तव्याचा चटका जाणवत नाही. घरच्या मंडळींना मात्र हात हलताना दिसतो आणि रुग्ण आळस करतो, असा त्यांचा ग्रह होतो.

वस्तुतः दोष हाताचा नसून मेंदूचा असतो. मेंदूच्या एका बाजूचा रक्तपुरवठा खंडित झाला, की बहुधा शरीराच्या विरुद्ध बाजूची संवेदना मंदावते.

तपासणीच्या वेळी उपचारतज्ज्ञ रुग्णास डोळे मिटावयास सांगतात. कापसाच्या बोळ्याचा हलका स्पर्श, टोकदार व बोथट यांतील भेद, गार व कोमट पाण्याच्या नळ्या यांची जाणीव पाहिली जाते. अंगठा वर नेला की खाली, हे विचारले जाते. किल्ली, नाणे किंवा गुंडी हातात देऊन ओळखावयास सांगितले जाते. निरोगी बाजूशी तुलना केली जाते. मधूनच स्पर्श न करताही प्रश्न विचारतात. त्यामुळे अंदाजाने दिलेली उत्तरे उघडी पडतात.

व्यवसायोपचाराचे भारतातील पहिले विद्यालय कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू केले. पुढे या क्षेत्रात जगभर संशोधन झाले. ऑस्ट्रेलियातील लीअन कॅरी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासात, वस्तू नुसत्या हाताळण्यापेक्षा त्यांतील फरक ओळखण्याचे पद्धतशीर शिक्षण अधिक गुणकारी ठरले.

हे शिक्षण घरीही चालू ठेवता येते. खडबडीत गोणपाट व मऊ सुती कापड रुग्णाने डोळे मिटून ओळखावे, मग डोळे उघडून उत्तर पडताळावे आणि पुन्हा डोळे मिटून तोच स्पर्श अनुभवावा. बाजरीच्या परातीत दडविलेली सुपारी बोटांनी शोधावी. सुधारणा सावकाश होते, सर्वांना सारखी होत नाही. तोवर स्नानाचे पाणी निरोगी हाताने पाहावे, चुलीपासून बधिर हात जपावा आणि त्वचेवर जखम वा फोड नाही ना, हे रोज तपासावे.

हात हलला म्हणजे उपचार संपला, असे कोणत्याही कुटुंबाने मानू नये. बोटांना वस्तूची ओळख पटू लागते, तेव्हाच तो हात पुन्हा खऱ्या अर्थाने कामाला लागतो.