श्रद्धा, व्यवसाय आणि परस्परविश्वास



वसईत भरलेल्या ख्रिस्ती व्यावसायिकांच्या या परिषदेत स्वागत समितीच्या वतीने सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. व्यापार आणि श्रद्धा यांची सांगड या भूमीला नवी नाही. येथेच जन्मलेले आणि 1862 मध्ये संतपदी घोषित झालेले गोन्सालो गार्सिया हे फ्रान्सिस्कन संघात दाखल होण्यापूर्वी जपानमध्ये व्यापार करीत होते आणि 1597 मध्ये नागासाकी येथे हुतात्मा झाले.

हीच सांगड आज 'नेटवर्किंग'मधून दिसते. नेटवर्किंग म्हणजे व्यावसायिकांनी नियमित भेटून ओळखी, माहिती व कामाच्या संधी यांची देवाणघेवाण करणे. ख्रिस्ती व्यावसायिकांच्या मंडळांत त्याला प्रार्थनेची आणि सचोटीने वागण्याच्या बांधिलकीची जोड मिळते. अशी काही मंडळे अडचणीच्या काळात फोफावली, तर काही साध्या परिचयातून उभी राहिली, असे इतिहास सांगतो. न्यूयॉर्कच्या फुल्टन स्ट्रीटवर धर्मप्रचारक जेरेमाया लॅनफिअर यांनी 23 सप्टेंबर 1857 रोजी दुपारची प्रार्थनासभा सुरू केली, तेव्हा सहाच जण आले. परंतु पुढच्याच महिन्यात बँकांचे व्यवहार कोलमडले आणि काही महिन्यांत अशा सभा शहरभर भरू लागल्या. जेवणाच्या सुटीत आलेल्या कारकुनालाही सोयीचे व्हावे म्हणून तेथे कोणी पाच मिनिटांपेक्षा अधिक बोलू नये आणि वादाचे विषय काढू नयेत, असा दंडक होता. 1898 मध्ये विस्कॉन्सिनमधील बॉस्कोबेल येथे हॉटेल भरल्यामुळे एकाच खोलीत उतरलेल्या दोन फिरत्या विक्रेत्यांच्या परिचयातून पुढील वर्षी ख्रिस्ती फिरत्या विक्रेत्यांची गिडिअन संघटना उभी राहिली, तर 1930 मध्ये, महामंदीच्या तडाख्यात, शिकागो येथे ख्रिस्ती व्यापाऱ्यांच्या समितीचे काम सुरू झाले.

वसईने अशा परस्परविश्वासाला सहकाराची चौकट दिली. 1918 मध्ये येथे स्थापन झालेल्या कॅथॉलिक सहकारी संस्थेची पुढे बँक झाली. सहकारी पतसंस्थेत सभासदांच्या ठेवींतून सभासदांनाच कर्ज मिळते. त्यामुळे एकमेकांवरचा विश्वास नुसत्या शब्दावर न राहता हिशेबाच्या वहीत उतरतो. हे भान महत्त्वाचे आहे, कारण धर्मबंधू म्हणून डोळे झाकून व्यवहार होऊ लागले, की लबाडाचे फावते आणि एकाच्या फसवणुकीने साऱ्या समाजाची पत जाते.

म्हणून मंडळाची वाढ सभासदांच्या आकड्यांवरून न मोजता, पहिल्यांदा दुकान थाटणाऱ्या तरुणाला किंवा घरगुती उद्योग करणाऱ्या भगिनीला तेथे योग्य सल्ला, पहिला ग्राहक आणि चोख हिशेबाची शिस्त मिळते का, यावरून मोजली जावी. तसेच हा गोतावळा आपल्यापुरता न राहता शेजारच्या अन्यधर्मीय व्यावसायिकालाही मंडळाच्या सचोटीचा अनुभव यावा. या दिशेने परिषदेत ठोस विचार व्हावा, अशी स्वागत समितीची अपेक्षा आहे. पाहुण्यांच्या सरबराईत काही उणे राहिल्यास ते उदार मनाने पदरात घ्यावे, अशी विनंती करून समिती सर्वांचे पुनश्च स्वागत करीत आहे आणि परिषदेची सूत्रे सन्माननीय अध्यक्षांच्या हाती सोपवीत आहे.