परदेशी जा, पण कागद वाचून जा

(कर्जत तालुक्यातील कळंब येथे युवक व पालकांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



विषयाला आरंभ करण्यापूर्वी या भूमीचे स्मरण करणे अगत्याचे आहे. याच तालुक्यातील माथेरानचे सुपुत्र भाई कोटवाल. वकिलीचे शिक्षण घेतलेल्या या तरुणाने सावकारी पाशात अडकलेल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठीची योजना उभी केली आणि २ जानेवारी १९४३ रोजी हिराजी पाटलांसमवेत सिद्धगडावर हौतात्म्य पत्करले. त्यांची आठवण आज होते ती अशासाठी, की कर्जाचा तो पाश नव्या रूपाने आपल्या दारी आला आहे. ‘व्हिसा विकत घेणे’ हे त्याचे आजचे नाव.

काही महिन्यांपूर्वी जवळच्याच एका गावातील वडील आणि मुलगा माझ्याकडे आले. मुलगा नववीनंतर शाळेबाहेर पडलेला, हाताला वेल्डिंगचे काम येणारा. आखातात नोकरी लावून देतो, असे एका मध्यस्थाने सांगितले होते. मागणी दोन लाखांची. वडिलांनी भातशेतीचा तुकडा विकण्याची तयारी केली होती; फार्म हाऊससाठी जमिनी घेणारे गिऱ्हाईक आपल्याकडे कायम उभे असतेच. मी व्हिसाचा कागद पाहिला. त्यावर स्वच्छ लिहिले होते, ‘व्हिजिट’. म्हणजे पाहुणा म्हणून जाण्याची परवानगी. ‘तिकडे गेल्यावर बदलून मिळतो,’ असे मध्यस्थाने सांगितले होते. बापलेकांनी विश्वास ठेवला, कारण तो कागद त्यांना कोणी वाचून दाखवलाच नव्हता.

परदेशी नोकरीस जाऊ नये, असे मी मुळीच म्हणणार नाही. पोटासाठी समुद्र ओलांडणे म्हणजे मातृभूमीशी द्रोह नव्हे. १९४६ साली मुंबईहून मोम्बासाला निघालेल्या जहाजाच्या डेकवर जगदीशचंद्र शारदा आणि माणेकलाल रुघाणी हे दोन अपरिचित स्वयंसेवक भेटले आणि तेथेच त्यांनी प्रार्थना म्हटली. परदेशातील संघकार्याचा आरंभ त्या क्षणापासून मानला जातो. माणूस जेथे जातो तेथे आपले संस्कार घेऊन जातो. मात्र तो ताठ मानेने जातो की मान अडकवून जातो, हा प्रश्न आहे.

मान अडकवून गेलेल्यांचा इतिहासही आपलाच आहे. १८३४ पासून इंग्रजांनी मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी आपली माणसे करारावर नेली. त्यांत आपल्या कोकणातलेही पुष्कळ होते. ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दाचे त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले. न वाचता उठवलेल्या अंगठ्याने त्यांची उमेदीची वर्षे बांधून टाकली. ही पद्धत बंद होण्यास १९१७ साल उजाडावे लागले. ज्या पायऱ्यांवरून ते मजूर पोर्ट लुईला उतरले, तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसास्थळ ठरला. त्या मराठी मजुरांच्या वंशजांनी गणेशोत्सव जपला आणि २०२३ साली तेथे छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळाही उभा राहिला. त्यांच्या निष्ठेला वंदन करूया. परंतु त्यांनी भोगलेले गिरमिट आपल्या मुलांच्या वाट्याला पुन्हा येऊ देता कामा नये.

यासाठी काही गोष्टी प्रत्येक घरात ठाऊक असल्या पाहिजेत. दहावी उत्तीर्ण नसलेल्याच्या पासपोर्टवर सामान्यतः ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ असा शेरा असतो. असा पासपोर्टधारक सौदी अरेबिया, अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहरीन यांच्यासह अठरा देशांत नोकरीला निघाला, तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार त्याला ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. अनेकांना हा अडथळा वाटतो. वस्तुतः ते कवच आहे. त्या मंजुरीसाठी नोकरीचा करार दाखवावा लागतो; त्यात पगार, कामाचे स्वरूप आणि मालकाचे नाव येते. हे कवच चुकवण्यासाठीच मध्यस्थ ‘व्हिजिट’चा मार्ग दाखवतो.

दुसरी गोष्ट मध्यस्थाची. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्यास केंद्र सरकारचा परवाना लागतो. तो आहे की नाही, हे ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. त्याने उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काची मर्यादा तीस हजार रुपये अधिक जीएसटी एवढी ठरलेली आहे, आणि त्याची पावती देणे त्याला बंधनकारक आहे. दोन लाख मागणारा आणि पावती न देणारा माणूस कितीही गोड बोलला, तरी तो आपला हितकर्ता नव्हे.

तिसरी गोष्ट विम्याची. प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये भरून अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वासाठी दहा लाखांचे संरक्षण मिळते. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीला आग लागून ४५ भारतीय मृत्युमुखी पडले. असा प्रसंग कोणावर येईल, हे सांगता येत नाही.

आणखी एक लक्षात घ्या. १९९० साली कुवेतमधून सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना आपण विमानांनी परत आणले. २०१५ साली युद्धग्रस्त येमेनमधून ‘ऑपरेशन राहत’द्वारे हजारोंना सोडवले. संकटकाळी हा देश आपल्या लेकरांना विसरत नाही. परंतु ज्याची नोंदच कोठे नाही, त्याला शोधायचे तरी कोठे?

सन्मानाची वाट बंद नाही, ती कष्टाची मात्र आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने कुशल भारतीयांच्या वार्षिक व्हिसांची मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याची घोषणा केली. जपानशीही २०२१ साली कुशल कामगारांबाबत करार झाला आहे. या वाटांवर मध्यस्थाची ओळख उपयोगी पडत नाही. तेथे प्रमाणपत्र लागते आणि त्या देशाची भाषा लागते. नेरळहून लोकलने मुंबईला जाऊन-येऊन नोकरी करण्याची चिकाटी आपल्या मुलांत आहेच. तीच दीड-दोन वर्षे भाषेकडे आणि कौशल्याकडे वळवली, तर शेत विकावे लागणार नाही.

आता समाजाचे कर्तव्य. सरकारने नियम केले, संकेतस्थळ केले. पण ठाकूरवाडीतल्या वा कातकरवाडीतल्या मुलाला ते उघडून कोण दाखवणार? प्रत्येक गावात दोन शिकलेल्या तरुणांनी एवढेच ठरवावे, की आपल्या गावातील कोणीही परदेशी निघाला तर त्याचा पासपोर्ट, व्हिसा आणि करार आपण त्याच्याबरोबर बसून वाचू, आणि प्रत्येक कागदाची एक प्रत त्याच्या घरी ठेवू. याला निधी लागत नाही, इमारत लागत नाही. लागते ती आत्मीयता. ज्याला आपण समाजसंघटन म्हणतो, ते याहून निराळे काय असते?

त्या बापलेकांचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. आम्ही तिघांनी मिळून संकेतस्थळावर मध्यस्थाचे नाव शोधले. ते सापडले नाही. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “साहेब, सातबारा घरीच ठेवतो.” यंदा त्या शेतात भात लावला गेला. मुलगा वेल्डिंगचे रीतसर प्रमाणपत्र घेतो आहे आणि बाहेरून दहावीलाही बसणार आहे. तो उद्या परदेशी जाईल, अवश्य जावे. पण तेव्हा त्याच्या हातातील प्रत्येक कागद त्याने स्वतः वाचलेला असेल.

भारत माता की जय!