पहाटेची जीप



आमच्या कामाच्या पारधी वस्तीवर जीप येते ती पहाटेच. आसपास कुठेही चोरी झाली की पुरुषांना उचलतात, मग सोडून देतात. उचललेल्यांचा आकडा मात्र वाढतो आणि तोच पुढे ‘या भागात गुन्हे फार’ याचा पुरावा ठरतो.

पुरावा असा गोळा होत नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत 1972-73 मध्ये 15 बीटांचे तीन गट केले. एकात नेहमीची गस्त काढून घेतली, एकात वाढवली, एकात होती तशीच ठेवली. गुन्ह्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही! पुढे मिनीॲपोलिसमध्ये 110 नेमक्या जागांपैकी चिठ्ठी टाकावी तशा 55 निवडून तिथे गस्त वाढवली. तिथले गुन्ह्यांचे फोन थोडे घटले. तिथले पोलीस निर्दोष आहेत असे मी म्हणत नाही. पण या प्रयोगांत त्यांनी जागा निवडली, जमात नव्हे.

आपल्याकडे 1871 पासून कायदाच जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवी. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो रद्द झाला. जीप थांबली नाही.

मध्यंतरी ठाण्यात मी साहेबांना विचारले, “उचललेल्यांपैकी किती जणांवर गुन्हा शाबीत झाला?” तशी नोंदच नव्हती. आता वही आम्हीच घातली आहे: कोणाला कधी नेले, कधी सोडले, पुढे काय झाले. आठवड्यातून एक दिवस वस्तीवर येऊन ती लिहील असे कोणी आपल्या मंडळीत असेल, तर सभेनंतर मला भेटा.