काम निवडताना: हिंगोलीच्या मुला-मुलींशी आणि पालकांशी

(दहावी, बारावी आणि पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी हिंगोलीत झालेल्या बैठकीतील भाषण)





मी याच जिल्ह्यात शिकलो, पुढे इंजिनीअरिंग केले आणि आता पुण्यात सॉफ्टवेअरचे काम करतो. "मोठी स्वप्ने पाहा" हे तुम्ही पुष्कळदा ऐकले असेल, त्यामुळे ते मी पुन्हा सांगणार नाही. आज थोडा हिशोब मांडू. कोणते काम, त्यासाठी कोणते कागद, किती वर्षे आणि किती पैसे, एवढाच विषय आहे.

सुरुवात एका जुन्या अहवालापासून करतो. सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. देशाच्या लोकसंख्येत १३.४ टक्के असलेल्या मुस्लिमांचा आयएएसमधला वाटा ३ टक्के होता, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे आपले लक्ष कमी गेले. पगारी नोकरीऐवजी स्वतःच्या छोट्या धंद्यावर पोट असणाऱ्यांचे प्रमाण मुस्लिमांमध्ये इतरांपेक्षा जास्त आहे. गॅरेज, फळांचा गाडा, शिवणकाम, भंगार, टेम्पो. यात कमीपणा काहीच नाही. पण त्याचा एक परिणाम होतो. ज्या घरात मामा तहसीलमध्ये आणि आत्या बँकेत असते, तिथल्या मुलाला जाहिरात कधी निघते, अर्ज कसा भरतात, मुलाखतीत काय विचारतात हे जेवताना कानावर पडते. आपल्या घरात ते पडत नाही. मुलगा हुशार असतो, पण त्याने आयुष्यात पाहिलेली कामे पाच-सहाच असतात: डॉक्टर, मास्तर, पोलीस, दुकान आणि "पुण्यात आयटी". मग तो त्यातलेच एक निवडतो.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की काम निवडण्याआधी काम करणाऱ्या माणसांना भेटा. आपल्याच जिल्ह्यापासून सुरुवात करा.

१९९९ साली परभणीतून वेगळा झालेला आपला जिल्हा हळदीचा आहे. हिंगोली आणि वसमतच्या बाजारात हळदीचे ढीग आपण लहानपणापासून पाहतो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वसमतला हळद संशोधन केंद्र उभे राहते आहे. पण हळद म्हटले की आपल्याला शेतकरी, हमाल आणि आडत्या एवढेच दिसतात. हळद शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे, दळणे, पॅकिंग करणे, त्यातले कुर्क्युमिन आणि ओलावा मोजणे, निर्यातीआधी कीटकनाशकाचे अंश तपासणे, अन्नसुरक्षेचा परवाना काढणे, या प्रत्येक टप्प्यावर एक शिकलेला माणूस लागतो. तो कुठे शिकतो? शेजारी परभणीला, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या अन्नतंत्र महाविद्यालयात. बारावी विज्ञान आणि सीईटीवर तिथे प्रवेश होतो. या बैठकीआधी बारावीच्या काही मुलांना मी या कॉलेजबद्दल विचारले. ज्यांच्या घरची हळद दर वर्षी बाजारात जाते, त्यांनीही नाव ऐकले नव्हते.

दुसरी गोष्ट लायगोची. औंढा नागनाथजवळ दुधाळा शिवारात गुरुत्वीय लहरी मोजणारी वेधशाळा होते आहे. २०१६ मध्ये केंद्राने तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटींच्या खर्चाला मंजुरी मिळाली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आत जवळजवळ निर्वात नळ्या आणि लेसर. चहाच्या टपरीवर बोलले जाते की "लायगो आली की सगळ्यांना नोकरी". तसे होणार नाही. वेधशाळा म्हणजे कारखाना नव्हे, चालू झाल्यावर तिला हजारो माणसे लागत नाहीत. बांधकामाच्या काळात वेल्डर, इलेक्ट्रिशियन, सर्वेअर, सुपरवायझर लागतात आणि ते बहुधा ठेकेदारामार्फत येतात. कायमच्या जागा इंदूरचे आरआरकॅट, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, पुण्याची आयुका आणि अणुऊर्जा विभाग यांच्या जाहिरातींतून भरल्या जातात. त्या जाहिराती गावात लागत नाहीत, संस्थेच्या संकेतस्थळावर लागतात. अणुऊर्जा विभागाच्या संस्था आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांनाही विद्यावेतन देऊन प्रशिक्षणार्थी म्हणून घेतात. तेव्हा लायगोची वाट पाहत बसू नका. भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन, चांगले वेल्डिंग, यातले काहीतरी नीट शिका. ते दुधाळ्यात चालेल आणि दुधाळ्यात जागा मिळाली नाही तर संभाजीनगरात किंवा चाकणला चालेल.

आता आयटीआय आणि डिप्लोमाचे. पालकांना वाटते, हे नापास मुलांचे शिक्षण. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केला तर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि मध्येच घरची अडचण आली तर हातात नोकरीचा कागद असतो. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. आजच्या नियमांप्रमाणे ३० किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात. त्यासाठी सरकारी पोर्टलवर मोफत नोंदणी होते. आमच्या क्षेत्रात पदवीला जसा पहिला अनुभव लागतो, तसा या मुलांना अप्रेंटिसशिपमधून मिळतो.

तिसरा मुद्दा कागदांचा. हा सगळ्यात रुक्ष आहे आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते. शाळेच्या दाखल्यावर "शेख", आधारवर "शेक", मार्कशीटवर नुसते "एस. के.", आणि वडिलांचे नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेने. निवड झाल्यावर कागदपत्र पडताळणीत हे बाहेर येते आणि मग राजपत्र, प्रतिज्ञापत्र अशी पळापळ सुरू होते. आजच घरी जाऊन सगळे कागद एका ओळीत मांडा आणि एकेक अक्षर जुळवून पाहा.

बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी-मन्सूरी, मोमीन आणि आणखी कितीतरी मुस्लिम बिरादऱ्या महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. शब्बीर अन्सारी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे चळवळ केली, अभिनेते दिलीपकुमार त्यांच्यासोबत सभांना फिरले. पण दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि आपल्या आजोबांच्या शाळेच्या नोंदीत जातीच्या रकान्यात नुसते "मुसलमान" लिहिलेले असते. मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या नोंदी उर्दूत आहेत, त्या शोधाव्या आणि वाचून घ्याव्या लागतात. हे काम अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात होत नाही. दाखला, मग जात पडताळणी, मग नॉन-क्रिमीलेअर, अशी ती साखळी आहे. अकरावीला असतानाच सुरू करा. जे ओबीसीत नाहीत आणि ज्यांचे उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांनी ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा. २०१४ साली मुस्लिमांना ५ टक्के आरक्षण देणारा वटहुकूम निघाला होता, त्याचा कायदा झाला नाही. ती मागणी चळवळीने करत राहावी. पण तुमचा यंदाचा अर्ज आज जे हक्काचे आहे त्यावरच भरला जाणार.

इथे मुलींच्या पालकांशी थेट बोलतो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. म्हणजे "फी परवडत नाही" हे कारण बरेचसे गेले. उरले ते अंतर आणि वसतिगृह. त्याचा विचार खुशाल करा, काळजी असणारच. पण नांदेडला १९८१ पासून श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्था आहे, परभणीला कृषी विद्यापीठ आहे, हिंगोलीत शासकीय तंत्रनिकेतन आहे. हे काही परदेश नव्हे. मुलीला बारावीत जास्त मार्क आणि कर्ज काढून कॉलेजला मात्र मुलगा, हा हिशोब मला कधी समजला नाही.

आता स्पर्धा परीक्षा. राज्यसेवेला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांची ४३ आहे. ही मर्यादा म्हणजे सवलत आहे, पण कितीतरी मुलांसाठी तीच सापळा झाली आहे. पुण्यात खोलीचा वाटा, मेस आणि अभ्यासिका धरली तर महिना दहा हजारांच्या खाली क्वचित भागतो. तीन वर्षांचे साडेतीन लाखांवर जातात, आणि त्या तीन वर्षांत जो पगार मिळाला असता तो वेगळाच. परीक्षा देऊ नका असे मी म्हणत नाही. प्रशासनात आपली मुले हवीच आहेत. पण बसण्याआधी घरच्यांसमोर तारीख ठरवा: या तारखेपर्यंत, एवढे प्रयत्न, नंतर हे दुसरे काम. ते दुसरे काम हातात असू द्या, म्हणजे अब्बांच्या डोळ्याला डोळा भिडवून "आता थांबतो" म्हणता येते.

माझ्या क्षेत्राबद्दल खरे सांगतो. मोठ्या आयटी सेवा कंपन्यांत नव्या इंजिनीअरचा सुरुवातीचा पगार गेली दहा-बारा वर्षे सव्वातीन-साडेतीन लाखांच्या आसपासच अडकला आहे, खोल्यांचे भाडे मात्र वाढत गेले. नवशिक्याला जे सोपे काम दिले जायचे, त्यातले बरेच आता एआय करून टाकते. तरीही हे क्षेत्र चांगले आहे, फक्त ज्याला ते आवडते त्याच्यासाठी. आवडते की नाही हे तपासायला लाखाचा क्लास लागत नाही. स्वयम आणि एनपीटीईएलवर अभ्यासक्रम मोफत आहेत. तीन महिने रोज दोन तास बसा. एखाद्या हळदीच्या आडतीचा हिशोब ठेवणारा छोटा प्रोग्राम करून पाहा. चूक सापडत नाही म्हणून रात्री अकराला चिडचिड झाली, आणि तरी सकाळी पुन्हा बसावेसे वाटले, तर या क्षेत्रात या. आणि तो प्रोग्राम मुलाखतीला सोबत न्या. केलेले काम दाखवता आले की प्रमाणपत्रांची फाइल फारशी कोणी उघडत नाही.

एक प्रश्न तुम्ही विचारणार, मीच विचारतो. नावामुळे नोकरी नाकारतात का? कधीकधी हो. २००७ मध्ये प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. सारख्या पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खासगी कंपन्यांना पाठवले, तेव्हा मुस्लिम आणि दलित नावांना बोलावणे कमी आले. भाड्याच्या खोलीसाठी मीही नाव सांगून परत आलो आहे. हे झाकायचे नाही आणि त्याच्यावरच बसूनही राहायचे नाही. प्रत्येक नकार नावामुळे नसतो. जिथे लेखी परीक्षा किंवा प्रत्यक्ष कामाची चाचणी आधी होते, तिथे अर्ज जास्त करा. ओळखीतून जागा कळतात, तर ओळखी वाढवा. आपल्यातला जो आत पोहोचला आहे त्याने मागच्याचा अर्ज पुढे द्यावा. त्यात तो आपल्या मोहल्ल्याचाच असावा अशी अट घालू नका.

शेवटी पैशाबद्दल. नोकरी पगार देते, मागत नाही. "अमुक भरा, जॉइनिंग लेटर घ्या" म्हणणारा कोणीही असो, ओळखीचा असो की नात्यातला, तिथून उठा. आखातात जाणाऱ्यांनी एजंटचा परवाना ई-मायग्रेट पोर्टलवर पाहावा. परवानाधारक एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त तीस हजार आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेता येते. दहावी पास नसेल तर पासपोर्टवर ईसीआर येतो आणि कामासाठी जाताना परवानगी लागते. व्हिजिट व्हिसावर कामाला पाठवणारा एजंट तुम्हाला कायद्याच्या बाहेर पाठवत असतो. तिथे पगार बुडाला तर दाद मागायला कागद राहत नाही.

या महिन्यात प्रत्येकाने तीन कामे करावीत. घरचे सगळे कागद जुळवून पाहावेत. तुम्हाला आवडणारे काम प्रत्यक्ष करणाऱ्या दोन माणसांना भेटून त्यांचा दिवस कसा जातो आणि पगार किती, हे विचारावे. आणि घरी बसून वर्षे, पैसे आणि दुसरा पर्याय एका कागदावर लिहावा, ज्यात अम्मीचेही मत असेल. बैठक संपल्यावर मी इथेच थांबतो आहे. ज्यांच्या दाखल्यात गोंधळ आहे त्यांनी आधी या, बाकीचे नंतर.