येल्लंदूची साइडिंग आणि भाऊंची वही



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मयावर, नाटकावर, बोलीभाषांवर अभ्यासू माणसे बोलून गेली. मी होमिओपॅथीचा डॉक्टर. जवळजवळ चाळीस वर्षे साबुदाण्याएवढ्या गोळ्या देत आलो. चिटणीसांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी 'कोळसा' म्हटले, आणि पलीकडून थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग त्यांनी सौजन्याने विचारले, "म्हणजे कोळशावरचे साहित्य का, डॉक्टर?" मी म्हटले, तसे म्हणा हवे तर. ते 'हवे तर' काय होते, हे आज सांगायचे आहे.

आपल्यापैकी पुष्कळांचे आजोबा-पणजोबा मराठवाड्यातून या शहरात आले ते मनमाड-सिकंदराबादच्या मीटरगेज गाडीने. काचीगुड्याचे १९१६ चे स्थानक, त्याचे घुमट आणि मिनार यांचे कौतुक आपण पाहुण्यांना आवर्जून दाखवतो. लालागुड्याचा रेल्वे कारखाना १८९३ चा, त्याचीही माहिती निघते. पण या सगळ्या थाटामागे भट्टीत जे जळत होते ते कुठून येत होते, याची आठवण निघत नाही. ते येत होते माझ्या गावाहून, येल्लंदूहून. तेलुगू लोक त्याला बोग्गुट्टा म्हणतात. बोग्गु म्हणजे दगडी कोळसा आणि गुट्टा म्हणजे टेकडी.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या डॉ. विल्यम किंग यांना १८७१ साली येल्लंदूजवळ कोळसा सापडला. हा प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातला गोंडवनी कोळसा. तोच पट्टा वायव्येकडे वर्धा खोऱ्यात, म्हणजे वणी, वरोरा, चंद्रपूरकडे जातो. नकाशावर राज्ये बदलली, भाषा बदलल्या, तरी जमिनीखाली आपण आणि चांद्याची माणसे एकाच पट्ट्यावर बसलो आहोत. गंमत म्हणजे ज्या सिंगरेणी गावावरून या सगळ्या कोळशाला नाव मिळाले, ते कारेपल्लीजवळचे खेडे वेगळे आणि कोळसा निघाला ते येल्लंदू वेगळे. नाव एकाचे आणि खड्डा दुसऱ्याचा, ही पद्धत तिथूनच सुरू झाली असे मी चेष्टेने म्हणतो.

कोळसा सापडला तरी तो काढून नेणार कसा? त्यासाठी रेल्वे हवी. आणि रेल्वेवरून हैदराबादेत पहिली मोठी सार्वजनिक खळबळ झाली. १८८३ साली चांदा रेल्वेची योजना निघाली. तिच्या अटी काय, कर्ज कोण फेडणार, हे जनतेला सांगा, असे म्हणणाऱ्यांत अघोरनाथ चट्टोपाध्याय होते, सरोजिनी नायडूंचे वडील. प्रश्न विचारला म्हणून त्यांना हैदराबादेतून बाहेर काढले. पुढे निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे उभी राहिली. त्या नावातला 'गॅरंटीड' शब्द भागधारकांसाठी होता. गाडीला नफा होवो न होवो, त्यांना ठरलेले व्याज निजाम सरकारने द्यायचे. लाइन १८८६ पर्यंत वरंगळला आणि १८८९ साली बेझवाड्याला पोहोचली. वाटेत डोर्नकलहून येल्लंदूला फाटा गेला.

खाणीचा हक्क १८८६ साली इंग्लंडात नोंदलेल्या हैदराबाद (डेक्कन) कंपनीकडे गेला. त्या व्यवहाराचा असा बोभाटा झाला की १८८८ साली ब्रिटिश पार्लमेंटला चौकशी समिती नेमावी लागली. रेल्वे आणि खाण या दोन्ही बोलण्यांत निजामाच्या वतीने असलेले अब्दुल हक, म्हणजे सरदार दिलेर जंग, यांना पद सोडावे लागले. १९२० च्या २३ डिसेंबरला सिंगरेणी कॉलियरीज ही कंपनी स्थापन झाली. रेल्वे १९३० साली निजाम सरकारने विकत घेतली. १९४५ साली खाण कंपनीचे बहुसंख्य भागही राज्याकडे आले आणि राज्ये बदलत गेली तसे ते पुढच्या सरकारांकडे गेले. हा इतिहास छापील आहे. कागद लंडनला आहेत, इथे आहेत. ज्याला हवे त्याला सापडतात.

आता न छापलेल्याकडे येतो.

माझे वडील सैतवाळ जैन, परभणीकडचे. आम्ही त्यांना भाऊ म्हणत असू. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी एका नातेवाइकाच्या ओळखीने ते येल्लंदूला गेले आणि बाजारात किराण्याचे दुकान मांडले. तेलुगू त्यांना दुकानापुरतेच येई. उर्दूवर काम चाले आणि हिशेब मराठीत. सूर्यास्ताआधी जेवायचा नेम होता. पण तीन वाजता भोंगा झाला की पहिली पाळी सुटे, गिऱ्हाइकांची झुंबड उडे, आणि हिवाळ्यात भाऊंचे जेवण बहुधा हुकेच. मग पाणीही नाही. आई त्या भोंग्याला शिव्या घाली.

आपल्याकडे श्रावकाने टाळायचे पंधरा धंदे सांगितले आहेत. त्यांत अंगारकर्म आहे, म्हणजे कोळसा पाडण्यासारखे विस्तवाचे धंदे, आणि स्फोटकर्म आहे, म्हणजे जमीन फोडणे. एकदा चातुर्मासात आजोळी मला हे कळले आणि परत येऊन मी भाऊंना विचारले, मग आपण इथे काय करतो? ते वजन करत होते. म्हणाले, "आपण डाळ विकतो." थोड्या वेळाने म्हणाले, "पैसा काळाच येतो, ते खरं." पुढे कोत्तागुडेमच्या खाणींची नावे पद्मावती खाणी, गौतम खाणी अशी ऐकली तेव्हा मला हसू आले. नावे देणाऱ्यांच्या मनात तिरुपतीची पद्मावती असणार, पण जैन कानाला पार्श्वनाथांची यक्षी आणि महावीरांचे गणधर दोघेही खाणीत उतरल्यासारखे वाटले.

आमची खेळायची जागा साइडिंगच्या कडेला होती. खाणीतून डबे वर येत, कोळसा चाळून ढिगावर पडे, आणि ढिगावरून रेल्वेच्या वाघिणीत भरला जाई. हे भरण्याचे काम माझ्या लहानपणी माणसांच्या डोक्यावरून होई. खाण कंपनीचे काम ढिगापाशी संपे, रेल्वेचे वाघिणीपासून सुरू होई. मधली दहा-पंधरा पावले कंत्राटदाराची. एक तिरकी फळी, तिच्यावरून पाटी घेऊन चढायचे, वाघिणीत ओतायची आणि दुसऱ्या फळीने उतरायचे. त्या काळची चारचाकी वाघीण सुमारे २२ टनांची. एका पाटीत पंचवीस किलो धरले तरी एका वाघिणीला ८८० पाट्या होतात. हा हिशेब मी फार पुढे केला. तेव्हा आम्ही पोरे फक्त पाहत असू की ओतताना जो काळा ढग उठतो त्यात माणूस पुरता नाहीसा होतो आणि मग खालून पाय दिसतात. बायकाही असत. तोंडाला पदर, पुरुषांच्या तोंडाला धोतराचा सोगा.

त्यातल्या एकांना आम्ही मामा म्हणायचो. नाव सांगत नाही. ते दर हप्त्याला दुकानात उधारी देऊन जात आणि मला गुळाचा खडा भाऊंकडूनच घेऊन देत, स्वतःच्या खात्यावर.

मी शहरात दवाखाना घातल्यावर काही वर्षांनी, म्हणजे नव्वदच्या दशकात, हेच मामा मुलाकडे राहायला आले आणि माझ्याकडे येऊ लागले. धाप, खोकला, थंडीत जास्त. मी दमा धरून औषध दिले. कधी बरे वाटे, कधी नाही. असे किती हिवाळे गेले! होमिओपॅथीत रोग्याचा धंदा, राहणी, सवयी, सगळे विचारा असे हानेमानने ऑर्गनॉनच्या अगदी सुरुवातीला सांगून ठेवले आहे. मी परक्या रोग्याला तासभर प्रश्न विचारणारा माणूस. मामांना एकही विचारला नाही, कारण मला वाटले, मला यांचे सगळे माहीत आहे. २००३ साली एका छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि विचारले, "हे काय काम करत होते?" तेव्हा तो काळा ढग माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. फुप्फुसात बसलेली ती धूळ कुठल्याही पॅथीने बाहेर निघत नाही. पण निदान लवकर झाले असते तर मी त्यांना खोट्या आशेवर ठेवले नसते, आणि कागदपत्रांची धावपळ ते चालत-बोलत असताना झाली असती.

कोळशाच्या धुळीने होणारा न्यूमोकोनिओसिस हा आपल्या कायद्यात व्यवसायजन्य रोग आहे. त्याची भरपाई मागता येते. मुलगा एका कार्यालयात गेला. तिथे सरळ प्रश्न आला, हे कोणाचे कामगार? खाणीच्या पटावर नाव नाही, कारण ते ढिगाच्या अलीकडे कधी कामाला नव्हते. रेल्वेच्या पटावर नाव असण्याचे कारणच नाही. कंत्राटदार कधीच वारला होता आणि त्याचे हजेरीपुस्तक असलेच तर कोणी पाहिले नव्हते. मी लिहून दिले की या माणसाला पाटी वाहताना मी लहानपणी पाहिले आहे. ते कागद परत आले. मामा २००५ च्या पावसाळ्यात गेले.

भाऊ २०११ साली वारले. येल्लंदूच्या घरातली लोखंडी पेटी मी इकडे आणली, ती बरीच वर्षे उघडलीही नाही. करोनाच्या टाळेबंदीत उघडली. आत उधारीच्या वह्या. आमच्याकडे नवी वही दिवाळीला, वीर निर्वाण संवत घालून. वीर निर्वाण संवत २४९१ ची वही, म्हणजे १९६४ च्या दिवाळीपासूनची, हातात घेतली. दुकानात एकाच नावाची चार-चार गिऱ्हाइके, म्हणून भाऊ नावापुढे ओळख लिहीत. '२१ नंबर, हॉलेज'. 'रेल्वे, पॉइंट्समन'. 'दवाखाना'. आणि मग 'साइडिंग', 'साइडिंग', 'साइडिंग', पानामागून पान. मामांचे नाव तेलुगू, पण कानाला आले तसे मराठीत लिहिलेले. पुढे 'साइडिंग, पाटी'. तांदूळ दोन शेर, मिरची, गूळ एक खडा, विडी.

अकरा वह्या आहेत. मी मोजले तेव्हा साइडिंगवर काम करणारी एकशे सदतीस नावे निघाली, त्यांत बेचाळीस बायका. माझ्या माहितीत या माणसांची दुसरी लेखी नोंद नाही. हा पुरावा कोणत्या कार्यालयात चालला असता की नाही, सांगता येत नाही. पण तो माझ्याच घरात होता आणि मी पेटी उघडली नव्हती.

आता औद्योगिक वारसा म्हणून बोलणे सुरू झाले आहे. चांगलेच आहे. पाल्वंचाच्या जुन्या वीजकेंद्राचे आठ कूलिंग टॉवर २०२४ साली सुरुंगाने पाडले, त्याचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले. काही सेकंदांत धुरळा झाला. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण त्या टॉवरांची मापे आणि आराखडे कुठेतरी असणारच. येल्लंदूच्या भुयारी खाणी एकेक करून बंद झाल्या, आता डोंगराएवढी माती उपसून उघडी खाण चालते. सिंगरेणीत एकेकाळी लाखाच्या वर कामगार होते, आज चाळीस हजारांच्या आसपास. मी गेल्या वर्षी गेलो तर साइडिंगवर यंत्राने भरणा चालला होता आणि फळ्यांची जागा मला नेमकी दाखवता आली नाही. इंजिन जपायला लोक पुढे येतात, ते दिसायला देखणे असते. फळी कोण जपणार?

म्हणून मंडळाकडे एक मागणे आहे. आपल्या संग्रहात हैदराबाद राज्यातल्या मराठी कवींची हस्तलिखिते आहेत, पत्रे आहेत. त्याच कपाटात या अकरा वह्या ठेवाव्यात. हेही या राज्यात लिहिलेले मराठी आहे. मराठी दुकानदार, मुनीम, स्टेशनमास्तर, मास्तर या मुलखात गावोगाव होते. बेल्लमपल्ली, कोत्तागुडेम, डोर्नकल इथून आलेल्या कुटुंबांच्या माळ्यावर अशा पेट्या असतील. वाळवी लागायच्या आत उघडा. नावे वाचता आली नाहीत तर मला बोलवा. तेलुगू नावे मराठी कानाने कशी ऐकली जातात, याचा मला आता बराच सराव झाला आहे.

मामांचा मुलगा आज इथे आला आहे, मागे बसला आहे. त्याला मराठी फारसे समजत नाही, म्हणून वहीतले त्यांचे पान मी त्याला आधीच वाचून दाखवले. त्याने विचारले, उधारी फिटली होती का? फिटली होती. भाऊंनी त्यावर आडवी रेघ मारलेली आहे.

संवत २४९१ ची ती वही या टेबलावर ठेवली आहे. चहा घेण्याआधी येऊन पाहावी. पाने उलटताना जरा जपून, कडा झडतात.